माळ्यावरची ठेव

आषाढातल्या एका मंगळवारी विक्रीकर खात्याचे तिघे जण दुकानात आले. त्यांनी माळ्यावरची पोती आणि डबे खाली उतरवले, तोलले, आकडे लिहून घेतले आणि दुपारच्या एसटीने ते महाडला परत गेले.

ते गेल्यावर दुकानदार काट्यापाशी उभे राहिले. मग त्यांनी एकेका पोत्यावर तळहात ठेवला. ही त्यांची जुनी सवय. कुणी काही आणून ठेवलं की त्यावर उजवा तळहात ठेवायचा आणि म्हणायचं, "असू दे. जागा आहे." त्या दिवशी तळहात ठेवला, पण बोलले काही नाहीत. मी शाळेतून परतले होते. ओली छत्री हातात घेऊन दारातच थांबले.

पोलादपूरच्या बाजारात त्यांचं किराणा दुकान होतं आणि दुकानामागच्या खोलीत मी भाड्याने राहत होते. मी महाडची, बौद्ध. सत्तरच्या दशकात हायस्कुलात नोकरी लागली तेव्हा या गावात खोली शोधत फिरले. आडनाव सांगितलं की खोली कालच कुणाला तरी देऊन झालेली असायची. या दुकानापाशी आले तेव्हा मी आपणहूनच आधी आडनाव सांगून टाकलं. ते म्हणाले, "पुस्तकं किती आहेत?"

"दोन ट्रंका."

"मग मागची खोली घ्या. पुढच्या खोलीत वाळवी आहे."

एवढीच आमची बोलणी झाली. भाडं किती ते दुसऱ्या दिवशी मीच जाऊन विचारलं तेव्हा कळलं.

वाडीवरचे लोक त्यांना शेट म्हणत. तसं पाहिलं तर शेट म्हणावं असं त्यांच्याकडे काही नव्हतं. काळी टोपी, चष्म्याला मागून बांधलेली दोरी, दुकानाच्या वासात मुरलेलं धोतर. बायको फार पूर्वी गेली होती, मूलबाळ नव्हतं, एक पुतण्या मुंबईला होता. स्वयंपाक स्वतः करायचे आणि रोज पिठलं-भातच करायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "दुसरं काही केलं तर चव कशी झाली म्हणून कुणाला तरी विचारावं लागतं." माझ्याशी 'नाही' म्हणायचे, वाडीच्या माणसांशी 'नाय'. मी त्यांना काका म्हणत असे.

आमच्यात एक भिंत होती, तीही अर्ध्या उंचीपर्यंतच, वर नुसत्या फळ्या. संध्याकाळी दिवे गेले की पलीकडून आवाज यायचा, "बाई, उजेड आहे का?"

मी कंदील लावलेला असायचा. "आहे काका."

"मग बरं."

कधीकधी मला वाटायचं, दिवे जायची ते वाट पाहतात. खरं सांगायचं तर मीही पाहत असे.

आता माळ्याचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पोलादपूरच्या वर डोंगरात ज्या वाड्या आहेत, तिथे पावसाळ्याचे चार महिने धुकं घरात शिरतं. धान्याला बुरशी धरते, उंदीर माजतात, वाटा बंद होतात. म्हणून वाडीची माणसं वैशाखात नाचणी, वरी, गोळा केलेला हिरडा, म्हशीच्या तुपाचे डबे डोक्यावरून खाली आणत आणि काकांच्या माळ्यावर ठेवून जात. दसऱ्यानंतर भाव आला की येऊन विकत, नाहीतर परत वर नेत. काका याचे पैसे घेत नसत. ठेव वहीत लिहीत नसत. आणि ती कधी तोलत नसत.

हे न तोलणं फार महत्त्वाचं होतं. तोललं म्हणजे व्यवहार झाला, आणि व्यवहार झाला म्हणजे दोघांपैकी कुणाला तरी दुसऱ्याचा संशय आहे, असं ती माणसं मानत. प्रत्येक घराची खूण वेगळी. कुणाच्या पोत्याला निळी चिंधी, कुणाची वाखाची गाठ, कुणाची करवंटी ओवलेली. काका अंधारातसुद्धा हाताने चाचपून सांगायचे, हे धाकूचं, हे भागीचं.

तर त्या मंगळवारी ही सगळी ठेव पहिल्यांदा काट्यावर चढली.

खात्याच्या माणसांचं काही चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. माळ्यावर माल होता आणि वहीत नव्हता. काकांनी सांगितलं की माल दुसऱ्यांचा आहे. मग पावती कुठे, नावं कुठे, वजन कुठे? करवंटीची खूण कुणी सरकारी कागदावर लिहीत नाही. निकाल लागेपर्यंत माल हलवायचा नाही अशी ताकीद देऊन ते गेले. दिवाळीच्या सुमारास आदेश आला. माळ्यावरचा माल दुकानदाराचाच, त्याने खरेदी लपवली, अर्थात विक्रीही लपवली. कर आणि वर दंड.

काकांनी तो इंग्रजी कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मला वाटलं ते रकमेवर थांबतील. ते म्हणाले, "कर भरता येईल बाई. दंडही भरू. पण माल माझा आहे असं लिहिलंय ना, ते कसं राहू द्यायचं?"

"म्हणजे?"

"कागदावर तो माझा झाला, म्हणजे त्यांचा राहिला नाही. त्यांनी माझ्याकडे ठेवला आणि मी घेतला, असंच झालं ना?"

बाजारातल्या इतर दुकानदारांना हे पटलं नाही. एक जण तर समोरच म्हणाला, "अहो, सरकार तुम्हाला आहात त्याहून श्रीमंत म्हणतंय, मग मिरवा की." काका हसले. पण अपील करायचं हे त्यांनी ठरवलं होतं.

माझ्या नात्यातले एक जण महाडला करसल्लागार होते. आमच्या लोकांतले कायदा शिकलेले त्या भागात तेव्हा थोडेच. मी त्यांना दादा म्हणायची. दादांनी कागद पाहिले आणि हात झटकावेत तसे म्हणाले, "सोपं आहे. दोन मालक साहेबांपुढे उभे करा. माल आमचा, ठेवायला दिला होता, एवढं त्यांनी म्हटलं की आदेश गेला. फक्त काय बोलायचं ते त्यांना नीट पढवून आणा."

काकांचा चेहरा पडला. "भागीचं तूप भागीचं आहे, हे मी तिला शिकवू?"

"काका, साक्षीदार आहे ती."

"ती तुमच्यासाठी साक्षीदार. मी तिला काय बोलायचं ते सांगितलं तर मग तिने सांगितलेलं माझंच झालं की."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार? अशा माणसाचं अपील चालवणं म्हणजे काय, ते तुम्हीही समजू शकाल.

एका रविवारी काकांबरोबर मीही वर गेले. वाडी उमरठच्या बाजूला. एसटी सोडली की चढ. भागी दारातच बसली होती. म्हातारी, काटक, चार म्हशींची मालकीण, नवरा गेलेला. मला धाप लागलेली पाहून म्हणाली, "शेट, ह्या पोरीला कशाला दमवलीस रे? बस गो बाय." तिने ताक दिलं. मी वाटीकडे पाहिलं. काकांना दिली तशीच होती. त्या दिवसांत मी अशा गोष्टी पाहत असे.

शेजारचा धाकूही येऊन बसला. काकांनी विषय काढला. "भागे, महाडला यायचं हाय. सायेब विचारील."

"काय विचारील?"

"माळ्यावरच्या मालाचं."

"सरकार माल नेणार म्हणतात, खरं का?" धाकूने विचारलं.

"तसं काय तरी हाय," काका म्हणाले.

"मग आमी काय सांगायचं?"

"खरं असंल ते सांगायचं. आणखी काय?"

भागी आणि धाकूने एकमेकांकडे पाहिलं. "येतो की," भागी म्हणाली. "तुज्यासाठी महाड काय, मुंबईला येतो." काका समाधानाने उठले. उतारावर ते पुढे होते आणि काहीतरी गुणगुणत होते. मी त्यांना गुणगुणताना तेवढंच ऐकलं.

अपिलाचे साहेब कॅम्पवर महाडला येत आणि विश्रामगृहात सुनावणी घेत. माघ महिना होता. भागी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून आली होती, धाकूने डोक्याला नवा पंचा बांधला होता. साहेबांना सर्दी झाली होती. मोठे शांत गृहस्थ होते. त्यांनी भागीला खुर्ची द्यायला सांगितली. ती खाली बसली.

"बाई, पोलादपूरच्या दुकानात माळ्यावर जो माल सापडला, तो कुणाचा?"

"शेटचा," भागी म्हणाली.

साहेबांनी रुमाल नाकापासून दूर केला. "नीट ऐका. हिरडा, तुपाचे डबे. त्यातलं तुमचं काही आहे?"

"नाय. आमचं काय नाय तिथं. सगळं शेटचं हाय."

"तुम्ही कधी ठेवायला दिलं होतं?"

"आमच्याकडं कुठनं येवढं, सायेब? पोटापुरतं होतंय."

दादांचं पेन हातात तसंच राहिलं. धाकूला विचारलं. तो म्हणाला, "भागाबाय म्हणते तसंच." दोघांनी आनंदाने अंगठे दिले. अंगठा उठवल्यावर भागीने काकांकडे पाहून हळूच मान हलवली, जणू काही घाबरू नका, झालं काम.

साहेबांनी विचारलं, "साक्षीदारांना तुम्हाला काही विचारायचंय?" दादा खुर्चीतून अर्धे उठले. काकांनी त्यांच्या मनगटावर तळहात ठेवला.

"नाही साहेब."

मी त्या वेळी दाराशी उभी होते. एक वाक्य पुरे होतं. म्हातारी माझ्यासाठी असं बोलते आहे, एवढं काकांनी म्हटलं असतं तरी साहेबांनी पुढे विचारलं असतं. पण त्यासाठी भागीला सगळ्यांसमोर खोटं पाडावं लागलं असतं. ती तिथे बसून होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते काकांना दिसत होतं.

मग स्टँडजवळच्या हॉटेलात आम्ही चहा आणि भजी घेतली. भागी खुशीत होती. मला म्हणाली, "घेऊन गेलं असतं गो बाय सगळं. आमचं म्हटलं असतं तर विचारलं असतं, वाडीवाल्यांनी येवढं आणलं कुठनं? शेटचं म्हटलं की हात लावत नाय. शेटकडं पावत्या असतात."

"मी तर वाटेतच म्हटलं व्हतं," धाकू म्हणाला, "आपलं म्हणायचंच नाय."

दादा पान खाऊन येतो म्हणून बाहेर गेले.

"ह्यो वकील का रुसला?" भागीने विचारलं.

"त्याला भजी तिखट लागली," काका म्हणाले. आणि बशीतली उरलेली भजी त्यांनी भागीच्या पुढे सरकवली. "बरं केलंस गो. बरं केलंस."

एसटीत भागी आणि धाकू पुढे बसले होते. काका माझ्या शेजारी. गाडी गावाबाहेर पडल्यावर ते म्हणाले, "बाई, हे दोघांना कधी कळू द्यायचं नाही."

"पण काका, दादा म्हणतात मुंबईला आणखी एक अपील करता येतं."

"तिथे भागी खोटं बोलली असं लिहून द्यावं लागेल ना?"

"हो."

"मग झालं," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

अपील फेटाळल्याचा कागद शिमग्याच्या आधी आला. या वेळी त्यांनी तो माझ्याकडून वाचून घेतला नाही. कर आणि दंड भरला. कसा भरला ते मी विचारलं नाही, पण त्या उन्हाळ्यात दुकानातल्या फळ्या अर्ध्या रिकाम्या होत्या.

आता माल हलवायला मोकळीक होती. काकांनी वाडीवर निरोप धाडला, आपापलं घेऊन जा. कुणी आलं नाही. दुसरा निरोप धाडला. दूध घेऊन खाली येणाऱ्या माणसाने उत्तर आणलं, "साहेबापुढं अंगठा दिलाय, शेट. आता नेलं तर तुम्ही अडकाल. राहू दे." काकांना तो माल विकता येईना, कारण तो त्यांचा नव्हता. वाडीला तो नेता येईना, कारण आपला नाही असं त्यांनी सांगून टाकलं होतं. हिरडा आणि तूप माळ्यावर पडून राहिलं.

शेवटी धुळवडीच्या दिवशी काकांनी बाजारातले हमाल लावले आणि सगळं वर नेलं. मला सुट्टी होती, मीही गेले. वाडीवर ढोल वाजत होता. मुंबईहून पोरं आलेली. काका कुणाशी न बोलता एकेका दारात पोतं ठेवत गेले, निळी चिंधी या घरी, करवंटी त्या घरी. सगळ्यात शेवटी भागीच्या दारात तुपाचे डबे.

भागी डब्यांकडे बघेना. "शेट, हे काय आणलं?"

"तुजं नाय ना हे?"

"नाय."

"माजंबी नाय. मग असू दे इथंच."

भागी पदर तोंडाला लावून हसली. काकाही हसले. मला वाटलं, चला, सुटलं एकदाचं.

पण सुटलं नव्हतं. त्या वैशाखात काकांनी माळा झाडला, किडे लागू नयेत म्हणून निरगुडीचा पाला पसरला आणि वाट पाहिली. वाडीची माणसं बाजारात आली. दुकानावरून गेली. लांबून हात जोडले आणि पुढे गेली. त्यांनी आपली पोती दुसरीकडे कुठे कुठे ठेवली. मीठ आणि रॉकेलसुद्धा ती दुसऱ्या दुकानातून नेऊ लागली. मी एकदा धाकूला थांबवून विचारलं, तर तो इकडे तिकडे पाहत हळूच म्हणाला, "शेटवर सरकारची नजर हाय, बाय. आमची जा-ये दिसली तर परत तरास. आमच्यापायी एकदा झाला तेवढा पुरे."

मी हे काकांना सांगितलं. ते म्हणाले, "त्यांचं बरोबर आहे." आणि काटा पुसायला लागले, जो सकाळपासून वापरलाच नव्हता.

पुढची काही वर्षं मी हे बघितलं. दर वैशाखात माळा झाडायचा, पाला पसरायचा. गडी ठेवणं त्यांनी बंद केलं. बाजारच्या दिवशी समोरून वाडीची माणसं जाताना ते फळीवर बसून राहत, कुणी हात जोडले की हात जोडत. ओरडून कुणाला बोलावलं नाही. मला कधीकधी त्यांचा राग यायचा. एकदा मी म्हटलंही, "काका, वर जाऊन त्यांना एकदा सगळं समजावून सांगा ना."

"काय सांगू? तुम्ही मला वाचवायला गेलात आणि बुडवलंत म्हणू?"

संध्याकाळी दिवे गेले. त्यांनी उजेड आहे का विचारलं नाही. मीच विचारलं. "आहे," ते म्हणाले. फळ्यांच्या फटींतून पाहिलं तर पलीकडे अंधार होता.

पुढे माझी बदली महाडला झाली. निघताना त्यांनी ट्रंका उचलायला मदत केली आणि विचारलं, "तिकडच्या खोलीत वाळवी नाही ना?" दिवाळीला मी जाऊन यायची. एका भाद्रपदात एसटीच्या कंडक्टरने मला शाळेत येऊन सांगितलं की काका गेले.

मी पोचले तेव्हा पुतण्या मुंबईहून यायचा होता. पाऊस थांबला होता. दुकानात शेजारची माणसं होती. आणि रस्त्याच्या पलीकडे, बंद दुकानाच्या पडवीखाली सगळी वाडी उभी होती. बायका, पुरुष, भिजलेली घोंगडी. इतक्या लवकर ती डोंगर उतरून आली कशी, कुणास ठाऊक. मी त्यांच्याकडे गेले. "अशी लांब का उभी राहिलात?"

भागी खूप म्हातारी झाली होती. म्हणाली, "कोण सरकारचं माणूस असंल तर."

मी तिचा हात धरून तिला रस्त्याच्या पलीकडे नेलं. मग बाकीचे आले. उचलायची वेळ झाली तेव्हा वाडीच्या माणसांनी दुसऱ्या कुणाला खांदा देऊ दिला नाही. मंडळी नदीकडे गेल्यावर आम्ही दोघी दुकानाच्या पायरीवर बसलो. भागीने विचारलं, "बाय, तू शिकलेली हायस. त्या दिवशी महाडला आमी बरोबर बोललो ना गो?"

"बरोबर बोललात, आजी."

"शेट पण तेच म्हणला व्हता," ती म्हणाली आणि डोळे पुसले.

दुकान पुतण्याने विकलं. त्या जागी आता दुसरी इमारत आहे. दादा गेले. धाकू गेला, भागीही गेली. वाडीवरची बहुतेक घरं बंद आहेत, पोरं मुंबईत आणि बिरवाडीच्या कारखान्यांत आहेत. माल काकांचा होता, असं सरकारी कागदावर अजून लिहिलेलं असेल. तो त्यांचा नव्हता हे विश्रामगृहाच्या त्या खोलीत ज्यांना माहीत होतं, त्यांतली आता मी एकटी आहे.